पावत्या

आमच्या टेकडीवर पाऊस पडत नाही.
धुकं येतं, जून ते ऑक्टोबर,
दोरीवरचे कपडे वाळू देत नाही
आणि पिंपात थेंबही टाकत नाही.
लिमा शहर खाली आहे. दिसलं तर दिसतं,
नाहीतर नुसतं ऐकू येतं.

टँकर मंगळवारी येतो,
म्हणजे येतो असं म्हणायचं.
निळं पिंप, रस्त्याकडेला: तीन सोल.
पायऱ्यांपर्यंत पाइप ओढला तर पाच.
सातुर्निना आन्कासीच्या दारापर्यंत कुणी येतच नाही.
ती बाकीचा भाव कमरेने चुकवते,
एकशे चौऱ्याण्णव पायऱ्या,
दोन बादल्या.

भिंतीपलीकडे हिरवळीवर फवारा फिरतो,
रोज सकाळी, स्वतःभोवती गोल.
आमची पोरं त्याला वेडा म्हणतात.

आमचं सामाईक पातेलं ऐंशी ताटांचं.
माझी आणि योवानाची पाळी शनिवारची.
बाजारातून कोंबडीचं रक्त आणायचं,
कांदा, मिरची, पुदिना घालून रक्ती परतायची,
पोरांच्या अंगी लागावी म्हणून.
नर्सबाईंनी बोट टोचून सांगितलं होतं,
एल्मरचं नऊ आहे, अकरा पाहिजे.
मी विचारलं, हे दोन जातात कुठे?
म्हणाल्या, जंत. पाणी. हात न धुणं.

हात न धुणं!
बाई, पिंप बघा आणि मग हात बघा.

मार्चमध्ये एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र,
"आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, एक ते दहा?"
सातुर्निना क्वेचुआत काही बोलली,
मी त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं:
पायऱ्या चढायच्या आधी, की नंतर?
त्याचं पेन थांबलं. तसा रकाना नव्हता.
ताट वाढलं ते मात्र त्याने पुसून खाल्लं.

पावतीची कल्पना योवानाची.
टँकरवाला हसला, पाण्याची पावती?
मग आम्ही पिंपं पालथी घातली.
दोन मंगळवार एकीनेही भरलं नाही.
त्या दोन मंगळवारांबद्दल मी बोलणार नाही.
तिसऱ्या मंगळवारी त्याने सही केली.

चौदा महिने.
पिठाची एक गोणी भरली.

खिडकी क्रमांक सहा. काचेमागचा माणूस म्हणाला,
ही वस्ती नकाशात नाही.
सातुर्निनाने गोणी उचलून त्याच्यापुढे ठेवली
आणि तिला येतं तेवढ्या स्पॅनिशमध्ये म्हणाली,
मोजा.
तो म्हणाला, अर्ज करा.
ती म्हणाली, मोजा.
मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, अहो, मोजा की.

दुपारपर्यंत बेरीज झाली.
जेवढ्या पैशांत आम्ही हात धुतले नाहीत,
तेवढ्यात ती हिरवळ सात वर्षं भिजली असती.
त्याने चष्मा काढून पुसला.
पुन्हा बेरीज केली. तीच आली.

नळ आला. एक. साठाव्या पायरीपर्यंत.
वर एकशे चौतीस उरल्यात.
एल्मरचं दहा पूर्णांक चार.
नर्सबाई हसल्या, मीही हसले,
पण सातुर्निना हसली नाही,
ती नव्या पावतीवरची तारीख तपासत होती.

गोणी रिकामी झाली म्हणून मी ती धुतली,
नळाखाली, धडधडीत वाहत्या पाण्यात,
लाज वाटेल इतकं पाणी घेऊन.
दोरीवर टाकलीये.
ह्या धुक्यात वाळेल तेव्हा वाळेल.
तोवर पावत्या
उशीखाली.