छाट

अम्माच्या सुपात रोज हजार विड्या.
पंचवीसची कट्टी, अशा चाळीस.
शाळेतले पाढे मी विसरले, हा नाही विसरले.

संध्याकाळी ब्रँचच्या खिडकीत
चेकर येमुल बसायचा, चष्मा कपाळावर.
दोन-चार विड्या बोटांत फिरवायचा
आणि ओंजळभर बाजूला सारायचा.
छाट.
कारण सांगायचा नाही,
अम्मा विचारायची नाही.
साखर पेठेपर्यंत तिच्या पदराला तंबाखूचा वास
आणि माझ्या हातात रिकामी पिशवी.

पुढं मी डॉक्टर झाले.
एकोणीस वर्षं तंबूंत काढली.
नाईलच्या काठी, मग काँगोत, मग एका गावात
जे मी पोचेपर्यंत जागेवर राहिलं नव्हतं.

माझ्याकडे एक फीत असायची, बोटभर रुंद.
पोराच्या दंडाभोवती गुंडाळायची.
हिरवं आलं तर घरी.
पिवळं आलं तर शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट
(ते फोडलं की वास सुटायचा,
आणि मला हजारो मैलांवरून
आमचं चटणीचं उखळ ऐकू यायचं)
लाल आलं तर आत.

आत खाटा बावीस.
बाहेर लाल दंड एक्केचाळीस.

मी चष्मा कपाळावर सरकवायचे
आणि बोट दाखवायचे.
हा. ही. तो मागचा.
ही नको.
त्या आयांनीही कधी कारण विचारलं नाही.

परत आले तेव्हा सत्कार झाला.
मोराची जाड चादर खांद्यावर घातली, ऐन मे महिन्यात.
किती जीव वाचवले, म्हणाले.
घाम पुसत मी हसले.
वाचलेले मी मोजले नव्हते.
दुसऱ्यांच्या कट्ट्या बांधून ठेवल्यात,
पंचवीस-पंचवीसच्या.

आता विडी घरकुलात दोन खोल्यांचा दवाखाना.
खोकला, दम, पिवळी पडलेली बोटं.
आतल्या खोलीत अम्मा. डोळे गेले तरी
मांडीवर सूप नसलं की तिला करमत नाही.

काल जेवताना विचारलं,
अम्मा, त्या छाटीच्या विड्यांचं पुढं काय व्हायचं गं?

तिनं कडक भाकरी आमटीत मोडली.
"काय व्हायचंय? येमुल विकायचा.
खराब कुठं होत्या त्या?
सगळ्या चांगल्याच होत्या की."

मग रोजच्यासारखं, तिन्नावा?
जेवलीस का पोटभर?

बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं.
आज चिठ्ठ्या संपल्यात, असं सांगायला
मी उठले होते.