करडी

रात्री साडेनऊला कळशी भरून नळावरून आले
तर स्वयंपाकघरात कुणीतरी
नाकाने मोठमोठ्याने वास घेत होतं.
आधी वाटलं, भरमाणी भाऊजींचा कुत्रा.
मग अंधार हलला
आणि त्याला केस होते.

मी ओरडले नाही.
ओरडायचं असतं हे आठवलंच नाही.
बाहेरून दार ओढलं, कडी घातली,
आणि कळशी कमरेवर तशीच धरून
पाठीपाठीने अंगण ओलांडलं.
थेंब सांडला नाही, असं लोक आता सांगतात.
सांडला होता. माझ्या पायांना माहीत आहे.

जंगलखात्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर.
उचलणारा विचारत होता, एनु? एनु बंतु?
मी म्हटलं, अस्वल. तो म्हणाला, हां?
मी म्हटलं, भालू. काळं. मोठं.
शेवटी कल्लव्वाने फोन हिसकावला:
मन्याग करडी बंदैत्री!
करडी.
आमच्यात फक्त नजर असते करडी.

तोवर गाव जमलं.
मडगावच्या हॉटेलातून नवऱ्याचा फोन,
"दार नीट लावलंस न्हवं? व्हिडिओ पाठव बघू."
पोरांनी जत्रेतले उरलेले फटाके आणले,
मष्णूमामा कौलं काढून भाला सोडायचं म्हणत होता,
कुणी म्हणालं, मिरच्यांची धुरी द्या.
आत डबा पडला. मग दुसरा.
आवाजावरून मी ओळखत होते:
हा नाचणीचा. हा काकवीचा.
हा आईने दिलेला, पितळी.

गार्ड इराप्पा जांबोटीहून मोटरसायकलवर आला,
एक टॉर्च, एक काठी, अर्धी झोप.
पहिल्यांदा त्याने फटाके खिशात घातले.
मग गाव रस्त्यापर्यंत मागे लोटलं,
दिवे घालवायला लावले,
आणि मोडक्या मराठीत म्हणाला,
"त्याला राग नाही. त्याला वाट नाही.
मागं दार हाय काय?"

गाव गप्प.
आहे. मागे दार आहे.
ते उघडतं भाऊजींच्या परसात,
आणि वाटणी झाल्यापासून, सात वर्षं,
तिथे त्यांचं जळण आहे, छातीपर्यंत,
दाराला आडवी फळी, फळीला आठ खिळे.
ठोकताना मी आतून मोजले होते.
आतली कडी मी कधी घातली नाही.
कशाला घालू? खिळे होते की.

सात वर्षांत, "तुमचं वासरू आमच्यात आलंय"
एवढंसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून सांगितलेलं.
आता कुंपणापाशी गेले. काय म्हणायचं कळेना.
म्हटलं, "भाऊजी, करडी."
कानडीत बोलले म्हणून जमलं असेल.

त्यांनी काही विचारलं नाही.
एकेक ओंडका निजलेल्या पोरासारखा उचलून
गवतावर ठेवायला लागले.
जाऊबाई आली. मीही.
अंधारात आमचे हात एकमेकींना लागत होते.
पहारीने खिळे निघाले तेव्हा
आतलं वास घेणं थांबलं.
इराप्पाने दाराच्या कडीला दोर बांधला,
दुसरं टोक फणसामागे नेलं,
त्याच्यामागे आम्ही तिघं.
ओढलं.

बराच वेळ काहीच नाही.
मग ते आलं. दारात थांबलं,
बाहेर पडताना चूल विझवली का
हे बाई आठवते तसं.
तोंडाला काकवी, छातीवर पांढरी कोयती.
मग भाऊजींच्या काजूंमधून
खाली ओढ्याकडे उतरत गेलं,
काटक्या मोडत, घाई न करता.

सकाळी पंचनामा. कागद कानडी.
नुकसान: फणस दोन, काकवी, डबे,
एक पितळी, चेपलेला.
कल्लव्वाने वाचून दाखवलं, मी मराठीत सही केली.
मागच्या दाराला रकाना नव्हता.

चार दिवसांनी भाऊजींनी जळण परत रचलं.
मी आतून ऐकत होते, हातोड्याची वाट बघत.
हातोडा नाही.
आणि मधे जागा सोडलीय,
अस्वल निघेल एवढी.
विचारलं तर म्हणतात, गार्डने सांगितलंय.

गार्डने असं काही सांगितलेलं नाही.
काल जाऊबाई तिथून आडवी होऊन आली,
अस्वलापेक्षा जरा जाडीच आहे ती,
काकवीची बाटली डोक्यावर धरून.