ठिणगीवाली

गाडी पुढे गेली की माझं काम सुरू होतं.
हातात ओलं गोणपाट, खांद्यावर फावडं,
पाठीला पाण्याचा डबा,
आणि डोळे खाली, स्लीपरांच्या फटीत.

तीन नंबरचं इंजिन जरा वाकडंच.
बॉयलर डाव्या कुशीला सरकवलेला,
उजवीकडे तीन सिलिंडर उभे,
शिवणयंत्राच्या सुईसारखे खालीवर;
दात्यात दाता अडकवून
चाकाचाकाला ज्याचा त्याचा वाटा पोचवणारं.
लांबून ऐकलं तर वाटावं
ताशी साठ मैलांनी काही तरी अंगावर येतंय.
जवळ आलं की कळतं,
याच्या बरोबरीनं मी चालू शकते
हातातली कॉफी न सांडता.

टेलेफ ड्रायव्हर म्हणायचा,
घाईची इंजिनं सपाटीवर धाडतात.
डोंगर चढायचा तर
तोंडानं हवं तेवढं बोंबल,
पाऊल मात्र मोजून टाक.

भट्टीत लाकूड. मागच्या सात वाघिणींत लाकूड.
रुळांखाली लाकूड, दरीवरचा पूल
तोही सबंध ओंडक्यांचा, सालीसकट.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणावं
तर इथे गोतच जळत होतं
गोताला खाली उतरवायला.

माझं नाव हिल्या.
आमच्या फिनिश बोलीत त्याचा अर्थ गप्प, हळू.
नवरा तारेनं गेला.
ओंडके ओढणारी पोलादी तार तुटली
की आधी तार पोचते, आवाज नंतर.
ऑस्कारीला आवाज ऐकूच आला नसणार,
असं सगळे सांगतात,
सांगताना टोपी काढतात.

चिमणीवर ठिणग्यांसाठी जाळी आहे.
जाळीला भोक आहे.
भोकाबद्दल कंपनीला पत्र गेलं,
मीही एक लिहिलं होतं, भरपाईबद्दल.
दोन्ही पत्रांचं मिळून एकच उत्तर आलं:
हे फावडं.
दिवसाला दोन डॉलर, ऑगस्ट संपेपर्यंत.

ऑगस्टात फर्नची पानं
पाय लागला की वर्तमानपत्रासारखी वाजतात.
लाल ठिणगीला मी भीत नाही,
ती बोलून मोकळी होते.
राख पांघरून पडलेली असते ना,
हक्कलबेरीच्या मुळाशी, सज्जनासारखी,
तिच्यासाठी मी गुडघ्यावर बसते,
हाताचा पंजा वर धरून बघते
ऊब येते का.
तापलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा.
पोर नाही मला. पण धरतात कसा, ते माहीत आहे.

चार उन्हाळे.
मग दरी संपली.
म्हणजे दरी आहे, ओढा आहे,
दोन माणसं झोपतील एवढाले बुंधे आहेत.

शेवटच्या खेपेला ओंडके नव्हतेच.
तीन नंबर उताराला लागलं
आणि त्याच्या मागे माणसं पहारी घेऊन.
जो रूळ ओलांडला तो उखडायचा,
वाघिणीत टाकायचा, पुढच्या दरीसाठी.
स्वतःची वाट स्वतःच गिळत
ते खाली उतरत राहिलं, चौदा वळणं,
तसंच केकाटत, तसंच हळू.
मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे;
स्लीपरांच्या खाचांत पाऊल चुकत होतं.
टेलेफनं वळून पाहिलं नाही.
त्याला मागे बघायची मुभा नव्हती, ब्रेक हातात होता.

धुकं दोन दिवस मुरलं होतं, जमीन ओली.
सातव्या वळणाच्या बुंध्यापाशी
एक निखारा सापडला, बोराएवढा, करडा.
पंजा धरला. जिवंत.

गोणपाट उचललं, आणि ठेवून दिलं.
थोडी साल, थोडी सुकी काटकी,
वाकून फुंकर. पुन्हा फुंकर.
डब्यातलं पाणी, जे विझवायला आणलेलं,
पेल्यात उकळलं.
आवाज दरीत उतरेपर्यंत, विरेपर्यंत
कॉफी प्याले, काळी, बिनसाखरेची.

मग उरलेला गाळ त्यावर ओतला,
फावड्यानं माती ओढली,
वर पंजा धरून पाहिला.
सवय.