खसबला येणार असशील तर

रास अल खैमा सोडलंस की समुद्र डाव्या हाताला राहू दे.
पेट्रोल तिथेच भर. गाडीच्या विम्याचा कागद
मोबाइलात नको, छापून आण.
तिबातच्या चौकीवरच्या माणसाला कागद आवडतो,
तो उलटसुलट करून बघतो आणि मग तुझ्याकडे बघतो,
तेव्हा हसू नकोस, पण रडवेलीही होऊ नकोस.

पुढे डोंगर थेट पाण्यात उतरलेत,
मध्ये एक पायरीसुद्धा न ठेवता.
तुला थांबावंसं वाटेल.
थांब, फक्त दरडीखाली नको.
एकोणीस वर्षं इथल्या इस्पितळात काढलीत मी,
दगड कुठे पडतात ते मला एक्स-रेवरून कळतं.

हॉटेल बघू नकोस, माझ्याकडे उतर.
एसी खोकतो, त्याची सवय होईल.
गाडीचं दार मात्र उघडं टाकायचं नाही:
डॉक्टर पोन्नप्पांच्या व्हिसाचे कागद
बकरीनं आतून काढून खाल्ले होते,
शिक्क्यासकट.

सकाळी हुमैदच्या होडीतून खाडीत जा.
डॉल्फिन दिसतील का, असं त्याला विचारू नकोस.
विचारलंस की तो शिट्ट्या मारत बसतो,
ते येत नाहीत, आणि दिवसभर
त्याला पाहुण्यासमोर मान खाली गेल्यासारखं होतं.
चहा देईल, वेलची जास्त असेल, पिऊन टाक.

टोकाला कुमझार आहे. रस्ता नाही, नुसतं पाणी.
तिथली मोझा लाटांतून आली होती माझ्याकडे,
कळा सुरू झाल्यावर, दोन भावांच्या मध्ये बसून.
तिची भाषा इथल्या अरबांनाही कळत नाही.
पहाटेपर्यंत तिनं मला एक शब्द शिकवला.
तो सांगत नाही. तिकडे जा आणि कुणाला तरी विचार,
हात कपाळावर ठेवून विचार, म्हणजे कळेल.

डोंगरावर जायचं तर गाडी चारही चाकांनी ओढणारी हवी.
वर जबल हरीमवर दगडात शिंपले सापडतात,
इतक्या उंचावर, इतके शांत,
समुद्र विसरून गेला असावा त्यांना.

आणि हे नीट ऐक, शर्वरी.
डोंगरातल्या कोरड्या पात्राला इथे वादी म्हणतात.
आपल्या वाडीसारखं ऐकू येतं, म्हणून फसू नकोस.
आपल्या वाडीत माणसं राहतात.
ह्या वादीत पाणी राहायला येतं,
वर्षातून एकदोनदा, न कळवता.
ढग डोक्यावर बघायचा नाही,
लांब शिखराच्या मागे बघायचा.
तिकडे पडतो, आणि इथे, लख्ख उन्हात,
तुझ्या चुलीवरच्या पातेल्यापर्यंत येऊन पोचतो.

एका फेब्रुवारीत तीन मुलं तंबू ठोकून होती,
तुझ्याच वयाची, अबू धाबीच्या कुठल्याशा कंपनीतली.
दोघं उशिरा का होईना, चालत आली.
तिसऱ्याचा एक बूट अजून आमच्या स्टोअरमध्ये आहे.
न्यायला कुणी आलं नाही,
आणि यादी करताना दरवर्षी
कुणीतरी तो उचलतं, आणि परत ठेवतं.

असो. येताना शारजातून ज्वारीचं पीठ आण,
दोन किलो, तीन आणलंस तरी चालेल.
कढीपत्ता ओल्या फडक्यात.
गोड नको, इथला हलवा सोडून मला दुसरं काही गोड लागत नाही आता.

दाराआड एक काठी दिसेल, टोकाला एवढीशी कुऱ्हाड.
सुलैम म्हाताऱ्याची. मोतीबिंदू काढल्यावर
त्यानं आधी माझा चेहरा बघितला, मग काठी माझ्या हातात दिली,
आणि पुढचे सहा महिने घरातल्यांवर डाफरत राहिला
की काठी कुठे गेली माझी.
हात लाव तिला. मूठ गुळगुळीत आहे.

निघताना चौकीवर विचारतील,
सोबत काही नेताय का म्हणून.
खिशात एखादा शिंपल्याचा दगड असेलच,
कुणी सांगूनही राहवत नाही.
जमलं तर तो वरच ठेवून ये.

मी दोन वर्षांच्या करारावर आले होते.
हे मात्र सल्ल्यात धरू नकोस.