स्वच्छ हवा

ग्रिम्सबीच्या वाचनालयात गुरुवारी
तुझ्या कादंबरीवर बोलणं झालं, एडविन.
मी मागच्या रांगेत, ओला कोट मांडीवर घेऊन.

टॅमसिन नावाची मुलगी म्हणाली,
बॅरोमीटरचा अडकलेला काटा म्हणजे विश्वासघात:
घर ज्याच्यावर विसंबतं, तेच खोटं बोलतं.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
मीही.

तो पाडला होता मी. नऊ वर्षांची होते.
काटा ‘स्वच्छ हवा’वर थांबला,
आणि जिन्याखाली, गमबुटांच्या वासात,
तू माझ्या गळ्याची शपथ घेतलीस.

पन्नास वर्षं पाळलीस.
मग तीनशे बारा पानं भरून सांगितलंस.

तुझ्या पुस्तकात बाबा काचेवर नख वाजवतात,
मुलगी गप्प राहते,
बाबा काट्याच्या भरवशावर बोट काढतात
आणि बुडतात.
खरे बाबा त्या संध्याकाळी नखशिखान्त भिजून आले,
हॅडकची पिशवी ओट्यावर आपटून
चहा मागितला त्यांनी.
बोटीवर रेडिओ होता रे.
भिंतीवरचा काटा बघून कोण समुद्रात जातं?

पण आता मासळीवाली बाई
सुटे पैसे देताना माझ्या गालांवरचे ठिपके निरखते.
तेच ठिपके तू त्या मुलीला दिलेस.
म्हणजे बाप मी बुडवला.

तुझा फोन वाजतोय. वाजू दे.
बॅरोमीटर माझ्याच दाराशी टांगलाय.
बाहेर समुद्रावरून आडवा पाऊस,
आत स्वच्छ हवा.
जाता-येता मीही काचेवर नख वाजवते.

बाबांनी रोज वाजवलं, मरेपर्यंत,
आणि एकदाही विचारलं नाही
कुणी पाडला.
हे मात्र तुला सुचलं नाही.