रकाना सातवा

साहेब विचारतात, शेजारच्या जिल्ह्यापेक्षा
आपला आकडा एवढा का?
मी आधी पंखा बंद करतो, कागद उडतात म्हणून.

साहेब, इंडीची माणसं इथं आली, तुळजापूरची आली.
सिव्हिलच्या खाटेवर गेली ती आमची झाली.
तिकडं खाट नव्हती,
म्हणून तिकडं मरणही कमी.

आणि विडी घरकुलातली नरसम्मा यंगल?
तपासणीच झाली नाही.
सातव्या रकान्यात लिहिलंय : दमा.
होताच दमा, तीस वर्षं तंबाखूत हात.
अक्षर माझंच आहे.

प्रति लाख काढायचं तर लाख कुठले धरू?
माग बंद पडले तेव्हा
निम्मी गल्ली तेलंगणात गेलेली.
भागायला खाली कोण उरलं होतं?

टक्केवारी द्या, गोष्टी नकोत.
देतो. दशांशानंतर दोन घरं.

दुपारी नरसम्माचा मुलगा येतो,
खांद्यावर कड न शिवलेला टॉवेल.
पैशाचं विचारत नाही.
म्हणतो, आईला मोजलं का?

मी रजिस्टर त्याच्याकडं फिरवतो.
त्याला तेलुगूच वाचता येतं.
तो एकेका नावावर बोट ठेवत जातो, सावकाश.
पान चुकीचं आहे.
मी थांबवत नाही.