वीज गेली तर

ब्रँडनच्या कॉलेजात, उणे एकतीसच्या सकाळी,
समितीपुढे तीन कुलपं मांडलेली.
एकाला कार्ड कळतं, एकाला फोन, एकाला बोट.
विक्रेता सांगतो, कोण कधी आत गेलं
सगळ्याची नोंद राहील.

कोपऱ्यात ओरेस्ट ह्नाटिक,
कमरेला एकशे चौदा किल्ल्या.
पियानोच्या खोलीत रात्री कोण झोपतं,
कुठल्या महिन्यापासून,
त्याला ठाऊक.
लिहिलं मात्र कुठेच नाही.

बेरजा संपत आल्यावर त्याने घसा खाकरला:
वीज गेली तर दार उघडं राहतं, की बंद?

विक्रेत्याने माहितीपत्रक उलटंपालटं केलं.
"ते ज्याचं त्याने ठरवायचं."

कॉफी निवत गेली.
खाली, बर्फाच्या बाजूने,
हातमोजा काढून
कुणीतरी दार ठोठावत होतं.
किल्ल्या वाजल्या. ओरेस्ट उठला.